फोनला कीबोर्ड जोडल्यानंतरचा पहिला तास

फोनला वायरलेस कीबोर्ड जोडायला दोन मिनिटं पुरतात. तरीही असे कितीतरी कीबोर्ड महिन्याभरात कपाटात जाऊन पडतात. दोष बहुतेक वेळा कीबोर्डचा नसतो. जोडणी झाली, चार अक्षरं उमटली, की आपण समजतो काम झालं. मग @ च्या जागी अवतरणचिन्ह उमटतं, मराठी कसं लिहायचं ते सापडत नाही, दर दुसऱ्या ओळीला हात उचलून पडद्यावर बोट टेकवावं लागतं. चार दिवस असं चालतं आणि पाचव्या दिवशी आपण पुन्हा अंगठ्यांनी लिहू लागतो.

माझं बरंचसं लेखन गेली काही वर्षं फोनवरच होतं, आणि मला हे मनापासून सांगावंसं वाटतं की जोडणीनंतरचा पहिला एक तास नीट मांडामांड करण्यात घालवला तर फोन हे लिहिण्याचं खरंखुरं साधन होतं. तो तास कसा घालवायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

घेण्याआधी हे पाहा

फोनला कीबोर्ड जोडण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली ब्लूटूथची. ती सगळ्यांत सोयीची, कारण फोनमध्ये वेगळं काही खोचावं लागत नाही. आयफोनमध्ये ब्लूटूथ कीबोर्ड २०१० पासून चालतो आणि आजच्या कुठल्याही अँड्रॉइड फोनमध्येही चालतो. दुसरी वाट छोट्या यूएसबी रिसीव्हरची, ज्याला आपण डाँगल म्हणतो. हे रिसीव्हर संगणकासाठी केलेले असतात, पण फोनला ओटीजी, म्हणजे यूएसबीची उपकरणं थेट फोनला जोडण्याची सोय असेल तर एका छोट्या अडॅप्टरने तिथेही चालतात. तिसरी वाट साध्या वायरची, त्याच ओटीजी अडॅप्टरमधून. पोर्टेबल हवा असेल तर ब्लूटूथच घ्या. डाँगल इतका लहान असतो की प्रवासात हरवतो, आणि चार्जिंगचं एकमेव भोक अडवून बसतो.

आकाराबद्दल मात्र घाई करू नका. नेहमीच्या मोठ्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. तुमच्या बोटांना सवय आहे ती या अंतराची. छोट्या कीबोर्डवर हे अंतर १७ किंवा १६ मिलिमीटरवर येतं. १७ पर्यंत बोटं दोन दिवसांत जुळवून घेतात. त्याहून कमी असेल तर जलद टायपिंग करणाऱ्याला त्रास होतो, दोन बोटांनी लिहिणाऱ्याला फारसा होत नाही. दुकानात किंवा मित्राकडे कीबोर्ड हाताळायला मिळाला तर पट्टी घेऊन मोजा, किंवा क्यू पासून पी पर्यंतच्या दहा कळांवर दहा बोटं ठेवून पाहा.

घडीचे कीबोर्ड दोन प्रकारचे. मधोमध दुमडणारे आणि तीन भागांत दुमडणारे. मधोमध दुमडणाऱ्यात टी आणि वाय, जी आणि एच यांच्या मध्ये फट येते. डाव्या हाताची बोटं डावीकडे आणि उजव्याची उजवीकडे ठेवून लिहिणाऱ्याला ती खुपत नाही, पण उजव्या तर्जनीने बी दाबायची सवय असेल तर पहिले काही दिवस चुका होतील. तीन घड्यांचे कीबोर्ड खिशात मावतात, पण मांडीवर ठेवून लिहायला गेलात तर मधूनच वाकतात. मांडीवर किंवा प्रवासात लिहिणार असाल तर न दुमडणारा, पातळ आणि सपाट कीबोर्ड घ्या. मी स्वतः शेवटी त्यावरच स्थिरावलो.

ज्यांचं काम आकड्यांचं आहे, म्हणजे हिशेब, गुणपत्रकं, मालाची मोजदाद, त्यांना फक्त आकड्यांचा वायरलेस कीपॅडही मिळतो. जोडणीची रीत तीच. एवढंच लक्षात ठेवा की आकडे उमटण्याऐवजी कर्सर इकडेतिकडे पळू लागला तर नम लॉकची कळ एकदा दाबायची.

जोडणी

१. कीबोर्ड आधी पूर्ण चार्ज करा, किंवा नवे सेल घाला. अर्धमेल्या बॅटरीवर जोडणी मध्येच तुटते आणि माणूस उगाच फोनवर संशय घेतो.

२. कीबोर्ड चालू करून तो जोडणीच्या अवस्थेत न्या. यासाठी ब्लूटूथचं चिन्ह असलेली कळ, किंवा एफएन (Fn) ही कळ आणि ती कळ मिळून, तीन ते पाच सेकंद दाबून धरावी लागते. दिवा भरभर लुकलुकू लागला की कीबोर्ड फोनची वाट पाहतोय. दिवा नुसता स्थिर किंवा संथ लुकलुकत असेल तर तो बहुधा जुन्या जोडीदाराला शोधतोय.

३. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘कनेक्टेड डिव्हायसेस’मध्ये जाऊन नवं उपकरण जोडा. आयफोनवर सेटिंग्जमधल्या ब्लूटूथमध्ये जा. यादीत कीबोर्डचं नाव आलं की त्यावर बोट टेकवा.

४. पडद्यावर सहा आकडे आले तर ते फोनवर नाही, कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं. इथे बरेच जण अडकतात, कारण टाइप केलेले आकडे पडद्यावर दिसत नाहीत. दिसणारही नाहीत. शांतपणे सहा आकडे आणि एंटर, बस्स.

५. आता नोट्सचं ॲप उघडून एक ओळ लिहा.

बऱ्याच कीबोर्डांवर दोन-तीन उपकरणांसाठी वेगवेगळे कप्पे असतात, बहुधा एफएनसोबत १, २, ३ अशा कळांवर. फोन पहिल्यावर, टॅब दुसऱ्यावर असं ठरवून टाका आणि कीबोर्डच्या मागे चिठ्ठी चिकटवा. काहींवर अँड्रॉइड, आयओएस आणि विंडोज अशा वेगळ्या पद्धतीही निवडता येतात. ती निवड चुकली तर अक्षरं बरोबर येतात, पण होम, आवाज कमी-जास्त अशा खास कळा भलतंच काही करतात. सोबतच्या कागदावर ही निवड कशी करायची ते दिलेलं असतं. त्या कागदाचा फोटो काढून फोनमध्येच ठेवा.

पहिल्या तासाचं खरं काम

कीबोर्ड फोनला सांगतो ते फक्त ‘अमुक जागेची कळ दाबली’ एवढंच. त्या जागेवर कुठलं अक्षर आहे ते फोन ठरवतो. म्हणूनच शिफ्ट आणि २ दाबल्यावर @ ऐवजी " आलं तर कीबोर्ड बिघडलेला नसतो. फोनने त्याला ब्रिटिश मांडणीचा समजलेलं असतं, आणि कळांवरची छपाई मात्र अमेरिकन मांडणीची असते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘फिजिकल कीबोर्ड’ असं शोधा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ही जागा वेगळ्या मेनूत असते, त्यामुळे शोधणं हाच जवळचा रस्ता. तिथे कीबोर्डच्या नावाखाली ‘इंग्लिश यूएस’ मांडणी निवडा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड या वाटेने गेलात की ‘हार्डवेअर कीबोर्ड’ असा पर्याय दिसतो. हा पर्याय कीबोर्ड जोडलेला असतानाच दिसतो, एरवी गायब असतो.

अँड्रॉइडवर त्याच पानावर पडद्यावरचा कीबोर्ड दाखवायचा की नाही याचं एक बटण असतं. ते बंद ठेवलं की पडदा सबंध मोकळा मिळतो. फोन आडवा धरल्यावर पडद्यावरचा कीबोर्ड निम्म्याहून जास्त जागा खातो. ती जागा परत मिळणं हा मला या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा फायदा वाटतो. पण तुम्ही बोलून लिहीत असाल तर हे बटण चालूच ठेवा, कारण माइकचं चिन्ह पडद्यावरच्या कीबोर्डवरच असतं. आधी बोलून मजकूर उतरवायचा आणि मग खऱ्या कळांनी तो दुरुस्त करायचा, ही जोडी लांब लेखनासाठी फार उपयोगी आहे. बोलून लिहिताना झालेल्या चुका बोटाने कर्सर नेमका ठेवून सुधारणं जिवावर येतं. बाणांच्या कळांनी ते सहज होतं.

आपोआप दुरुस्तीकडेही याच वेळी बघा. अंगठ्यांनी लिहिताना ती मदत करते, पण खऱ्या कळांवर आपल्या चुका कमी होतात आणि दुरुस्तीच नव्या चुका घालते, विशेषतः नावांमध्ये. मी ती बंद ठेवतो. लांब निरोप लिहिणाऱ्यांनी मेसेजिंग ॲपमध्ये एंटर दाबल्यावर काय होतं तेही आत्ताच ठरवावं. व्हॉट्सॲपमध्ये अँड्रॉइडवर चॅट्सच्या सेटिंग्जमध्ये एंटरने संदेश पाठवायचा की नाही हे ठरवता येतं. ते बंद नसेल तर परिच्छेद पाडायला जाल आणि अर्धाच निरोप समोरच्याकडे जाईल.

मराठी कसं लिहायचं

या टप्प्यावर सर्वाधिक लोक सोडून देतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू. फोनवर मराठी लिहिताना आपण बहुतेक जण इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी मिळवतो. हे रूपांतर पडद्यावरच्या कीबोर्डचं ॲप करतं. बाहेरून जोडलेल्या कळांवर ते चालेल की नाही हे त्या ॲपवर अवलंबून असतं. म्हणून पहिली चाचणी ही: भाषा मराठीवर ठेवा, बाहेरच्या कीबोर्डवर काही शब्द लिहा आणि काय उमटतं ते पाहा. देवनागरी आली तर प्रश्न मिटला.

नाही आली तर फिजिकल कीबोर्डच्या मांडण्यांच्या यादीत मराठी किंवा देवनागरी शोधा. तिथेही नसेल तर अशी मांडणी पुरवणारं ॲप घ्यावं लागतं. अँड्रॉइडमध्ये ४.१ या आवृत्तीपासून बाहेरची ॲप्स कीबोर्डची मांडणी पुरवू शकतात. इथे एक फरक ध्यानात ठेवा. फक्त मांडणी पुरवणारं ॲप फोनला एक नकाशा देतं आणि बाजूला होतं. पण जे ॲप स्वतः कीबोर्ड म्हणून सुरू करावं लागतं, त्याच्या हातून तुमचं प्रत्येक अक्षर जातं, पासवर्डसुद्धा. ते सुरू करताना अँड्रॉइड तसा इशारा देतं. तो इशारा वाचा आणि अनोळखी ॲपला ही परवानगी देऊ नका.

मांडणी मिळाली की ती बहुधा इनस्क्रिप्ट असेल. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये आखली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. तिला घाबरायचं कारण नाही, कारण तिची रचना आपल्या बाराखडीसारखीच आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. एखादं अक्षर आणि त्याचं महाप्राण भावंड एकाच कळीवर: के वर क, शिफ्टसह ख, आय वर ग, शिफ्टसह घ, एल वर त, शिफ्टसह थ, वाय वर ब, शिफ्टसह भ. मात्रा: ई वर काना, एफ वर ऱ्हस्व वेलांटी, आर वर दीर्घ वेलांटी, एस वर एक मात्रा, एक्स वर अनुस्वार.

‘मराठी’ लिहायचं तर सी, जे, ई, मग शिफ्टसह अवतरणचिन्हाची कळ, आणि आर. अक्षराचा पाय मोडायचा तर डी. म्हणजे ‘क्ष’ साठी के, डी आणि शिफ्टसह स्वल्पविराम. रफार जसा उच्चारतो तसाच लिहायचा, आधी र: ‘धर्म’ साठी शिफ्टसह ओ, मग जे, डी, सी. आणि आपल्याला वारंवार लागणारा ‘दुसऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा र? शिफ्टसह जे, मग डी, मग य ची कळ, म्हणजे तिरकी रेघ. हा एक संयोग पाठ झाला की मराठी लिहिताना अडायचं कारणच उरत नाही.

कळांवर देवनागरी छापलेली नसते. त्यासाठी चिकटवायचे छोटे स्टिकर मिळतात, पण माझा सल्ला वेगळा आहे. मांडणीचं चित्र फोनमध्ये ठेवा, रोज पंधरा मिनिटं एकच परिच्छेद उतरवा, आणि एफ व जे या कळांवरचे छोटे उंचवटे बोटांनी चाचपून हात तिथे ठेवायची सवय लावा. नजर कळांवर राहिली तर स्टिकर असूनही वेग येत नाही.

मराठी आणि इंग्रजीत ये-जा करायला आयफोनवर कंट्रोल आणि स्पेस दाबतात. अँड्रॉइडवर फोनप्रमाणे कंट्रोल, शिफ्ट किंवा विंडोजच्या कळीसोबत स्पेस असं काहीतरी असतं. तिन्ही करून पाहा.

हात कळांवरच राहू दे

कॉपी, पेस्ट, कट, सगळं निवडणं, मागे घेणं यांसाठी अँड्रॉइडवर कंट्रोलसोबत अनुक्रमे सी, व्ही, एक्स, ए, झेड. आयफोनवर कंट्रोलच्या जागी कमांड. विंडोजसाठी छापलेल्या कीबोर्डवर आयफोन विंडोजच्या कळीलाच कमांड मानतो. शब्दाशब्दाने पुढेमागे जायला अँड्रॉइडवर कंट्रोल आणि बाण, आयफोनवर ऑप्शन आणि बाण. त्यात शिफ्ट मिळवलं की मजकूर निवडला जातो. कर्सर बोटाने हलवण्याची कटकट या एका सवयीने संपते.

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ऑल्ट आणि टॅबने ॲप बदलतं, विंडोज आणि एंटरने होम पडदा येतो, आणि विंडोज आणि तिरक्या रेघेने सगळ्या शॉर्टकटची यादीच समोर येते. ही शेवटची एक लक्षात ठेवली तरी बाकीच्या आपोआप सापडतात. आयफोनवर सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत, कीबोर्डच्या विभागात ‘फुल कीबोर्ड ॲक्सेस’ चालू करा. मग टॅबने पडद्यावर फिरता येतं, स्पेसने निवडता येतं आणि टॅब व एच मिळून दाबलं की मदतीची यादी येते.

त्याच विभागात ‘स्टिकी कीज’ आणि ‘स्लो कीज’ही आहेत; नव्या अँड्रॉइडमध्येही आल्या आहेत. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना एकाच हाताने लिहावं लागतं, त्यांना दोन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत आणि चुकून लागलेलं बोट मोजलं जात नाही. घरात असं कुणी असेल तर या दोन सोयींसाठी तरी कीबोर्ड जरूर जोडून द्या. काचेवर बोट नेमकं टेकवणं ज्यांना जमत नाही, त्यांना खऱ्या कळा किती आधार देतात हे पाहिल्यावरच कळतं.

आणि बसणं. फोन टेबलावर सपाट ठेवून लिहू नका, मान अर्ध्या तासात आखडते. फोन स्टँडवर, शक्य तर डोळ्यांच्या पातळीजवळ, आणि अक्षरांचा आकार एक-दोन पायऱ्या मोठा. कीबोर्ड वेगळा असल्यामुळे फोन हातभर लांब ठेवता येतो, तर ठेवा.

अडलं तर

पडद्यावरचा कीबोर्ड अचानक येईनासा झाला, अशी तक्रार घेऊन लोक फोन दुरुस्तीला नेतात. कारण बहुधा एकच असतं: कीबोर्ड बॅगेत चालू राहिलेला असतो आणि फोनशी जोडलेलाही. माझ्या बाबतीत एकदा बॅगेतल्या वह्यांनी कळा दाबून एका गंभीर संभाषणात निरर्थक अक्षरांचा निरोप गेला होता. तेव्हापासून काम संपलं की कीबोर्डचं बटण हाताने बंद करतो, तो आपोआप झोपेल यावर विसंबत नाही.

थोडा वेळ थांबून पुन्हा लिहायला घेतलं की पहिलं अक्षर गळतं, हा दोष नाही. बॅटरी वाचवायला कीबोर्ड झोपतो आणि पहिली कळ त्याला उठवण्यात खर्च होते. आधी शिफ्ट दाबा, मग लिहा.

एकच अक्षर भराभर उमटत राहिलं तर कळ दाबलेली असताना जोडणी तुटली आणि कळ सोडल्याची खबर फोनला मिळाली नाही, असं समजा. तीच कळ पुन्हा दाबून पाहा, नाहीतर कीबोर्ड बंद करून चालू करा. असं वारंवार होत असेल तर गर्दी शोधा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं, आणि तिथेच बरेच वाय-फाय राउटर आणि मायक्रोवेव्हही असतात. फोनचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं तर बऱ्याचदा फरक पडतो.

काहीच जमेना तर फोनच्या यादीतून कीबोर्ड ‘फर्गेट’ करा, कीबोर्डचा तो कप्पाही पुसा, फोन बंद-चालू करा आणि पहिल्यापासून जोडा. फक्त एका बाजूने पुसलं तर दुसरी बाजू जुनी किल्ली धरून बसते आणि जोडणी होत नाही.

सुरक्षितता आणि बॅटरी

कीबोर्डमधून पासवर्ड जातात, तेव्हा हा भाग हलका घेऊ नका. २०१६ मध्ये बॅस्टिल या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की डाँगलवर चालणारे काही स्वस्त कीबोर्ड अक्षरं कुलूपबंद न करताच हवेत सोडतात आणि सुमारे ७५ मीटरवरून ती वाचता येतात. ब्लूटूथ कीबोर्डचा त्यात समावेश नव्हता, पण तेही निर्धोक नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये एक त्रुटी उघड झाली, जिच्यामुळे जवळचा परका माणूस आपलं उपकरण खोटा कीबोर्ड म्हणून फोनला जोडून अक्षरं घुसवू शकत होता. अँड्रॉइड ११ ते १४ साठी त्याच महिन्याच्या सुरक्षा अपडेटमध्ये आणि आयफोनसाठी आयओएस १७.२ मध्ये तिची दुरुस्ती आली. तुमच्या फोनला त्यानंतरचं अपडेट मिळालेलं नसेल तर काम झाल्यावर ब्लूटूथ बंद ठेवा. आणि आपण न मागितलेली जोडणीची विनंती पडद्यावर आली तर ती नाकारा, मग नाव कितीही ओळखीचं दिसो.

महिनाभर वापर होणार नसेल तर सेल काढून ठेवा. ते गळले तर आतले पत्रे गंजतात. आतली लिथियम बॅटरी असेल तर ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली न ठेवता साधारण अर्धी भरून, उन्हापासून दूर ठेवा. आणि कीबोर्ड किंवा फोन दुसऱ्याला देण्याआधी दोन्हींकडची जोडणी पुसून टाका, नाहीतर नव्या मालकाच्या हातात तुमच्या फोनवर लिहिणारा कीबोर्ड जाईल.